‘आई येऊन राहिली’

प्रश्न थोडक्यात असा : मी पुण्याचा, बायको अमरावतीची. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. दोघंही मराठी, दोघंही नोकरी करतो. तरी आठवड्यातून एकदा तरी नुसत्या शब्दावरून वाजतं. दिवाळीनंतर तिने फोनवर सांगितलं, ‘आई येऊन राहिली.’ मी समजलो, सासूबाई येऊन राहिल्यासुद्धा आणि मला कुणी विचारलंही नाही. मी बरंच बोललो. प्रत्यक्षात त्या अजून अमरावतीतच होत्या. एकदा तिने ‘सांबार’ आणायला सांगितला, मी सांबार मसाल्याचं पाकीट आणलं. माझी आई म्हणते, सून हिंदाळलेलं बोलते. मी अधूनमधून तिला सुधारतो (मागे एकदा ती म्हणाली, ‘मी एकटीच दवाखान्यात गेली होती’, मी म्हटलं, ‘गेले होते’), पण ते प्रेमानेच. गेले दोन महिने ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलते. हा भाषेचा प्रश्न आहे की आमचं दुसरंच काही बिनसलंय? पुढच्या महिन्यात सासूबाई खरोखरच यायच्या आहेत. तिने पुन्हा मराठीत बोलावं म्हणून काय करू?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. बायको सांगत होती की ती एकटी दवाखान्यात गेली. तुम्हाला ऐकू आलं ते क्रियापद. ती का गेली, काय होत होतं, डॉक्टर काय म्हणाले, एकटीला का जावं लागलं, यातलं काहीच पत्रात नाही. तुम्ही विचारलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर ठीक. विचारलं नसेल तर आधी विचारून या, बाकीचं पत्र नंतर वाचा.

आता बोलीकडे वळू, कारण तीही खरी अडचण आहे आणि तिला हसण्यावारी नेऊन चालत नाही. मी बावीस वर्षं नवरा-बायकोंची भांडणं ऐकते आहे. माझ्याकडे येणारी बरीच जोडपी तुमच्यासारखीच असतात : एक वऱ्हाडातला, एक कोकणातला; एक लातूरची, एक ठाण्याचा. शिक्षण, पगार, उंची, पत्रिका सगळं पाहून लग्न ठरलेलं असतं. छत्तीसपैकी किती गुण जुळले हे पाठ असतं. घरात कुठली मराठी बोलतात, हे मात्र कुणी कुणाला विचारलेलं नसतं. मराठी ती मराठी, त्यात काय विचारायचं?

गोम नेमकी तिथेच आहे. मराठी मुलगा तमिळ मुलीशी लग्न करतो तेव्हा दोघंही सावध असतात. शब्द अडला की विचारतात, कारण आपल्याला समजणार नाही हे गृहीतच असतं. तुमच्या घरात तसं नाही. ‘आई’ तुम्हाला कळतं, ‘येऊन’ कळतं, ‘राहिली’ही कळतं. तीन ओळखीचे शब्द एका ओळीत आले, की वाक्य आपल्याला कळलंच असं माणूस धरून चालतो. अनोळखी शब्द माणसाला थांबवतो, ओळखीचा शब्द थांबवत नाही. मग अर्थ लागला नाही की दोष शब्दावर न जाता माणसाच्या स्वभावावर जातो : ही लपवते, हिला माझी किंमत नाही, ही परस्पर ठरवते.

‘येऊन राहिली’चं सांगते. नागपूर-अमरावतीकडे ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिली’ म्हणजे चालू असलेली किंवा ठरलेली क्रिया. हिंदीतल्या ‘आ रही है’ची ती मराठी बहीण. ‘आई उद्या येऊन राहिली’ म्हणजे आई उद्या येते आहे. पुण्यात ‘येऊन राहिली’ म्हणजे आली आणि मुक्काम ठोकला. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं धडधाकट आहेत. तिकडे हिंदीचा शेजार आजचा नाही. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती, वऱ्हाडही 1903पासून त्याच कारभाराखाली आला, आणि 1956पर्यंत त्या राज्यात हिंदी आणि मराठी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. तसंच मराठवाडा 17 सप्टेंबर 1948पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे तिथल्या घरगुती बोलण्यात उर्दूचे शब्द सहज येतात. संयुक्त महाराष्ट्र 1960 साली झाला. नकाशा एका दिवसात जोडता येतो. माजघरातली बोली ठरावाने जोडली जात नाही. तुमची बायको ‘हिंदाळलेलं’ बोलत नाही, तिच्या पणजीने जे बोललं असेल ते बोलते.

तुम्ही कुठली बोली बोलता, हेही विचारते. तुम्ही म्हणाल, आम्ही तर साधी शुद्ध मराठी बोलतो. पुण्याच्या माणसाला आपली बोली आहे हे कधी जाणवतच नाही, कारण त्याचीच बोली छापली गेली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला, पाठोपाठ शाळेची पुस्तकं आली, आणि पुण्याच्या आसपासची, शिकलेल्या घरांतली मराठी ‘प्रमाण’ ठरली. वऱ्हाडी बायकोला पदोपदी कळतं की ती वऱ्हाडी बोलते. तुम्हाला ‘आलीयेस का’, ‘करतीये’ म्हणताना काहीच कळत नाही. एवढ्याच कारणाने तुमच्या घरात सुधारणा एकाच दिशेने वाहते आहे.

हे मी पुण्यावरच्या रागातून लिहीत नाही. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी करतो’ म्हणतात. त्याचा संबंध कन्नडच्या शेजाराशी जोडतात, कन्नडमध्ये ‘मी’च्या क्रियापदात बाई-पुरुष भेद नाहीच. कॉलेजला पुण्यात आले तेव्हा हॉस्टेलच्या मुलींनी पहिल्याच दिवशी माझं ‘मी येतो’ पकडलं आणि पुढे तीन महिने मी कुठेही निघाले की मागून कोरस यायचा. चौथ्या महिन्यात मी ‘येते’ म्हणायला लागले. आजही माहेरी फोन लावला की ‘येतो’ आणि ठेवला की ‘येते’. त्या तीन महिन्यांत मी वर्गात एकदाही हात वर केला नाही, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझा नवरा डोंबिवलीचा. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्याने ऑफिसातून फोन केला, ‘आई तुला बोलली ना काल?’ माझ्या पोटात गोळा. आमच्याकडे ‘मला बोलली’ म्हणजे रागावली, चार शब्द सुनावले. मी म्हटलं, ‘नाही, का बोलतील? मी काय केलं?’ तो म्हणतो, ‘काही केलं नाहीस, पण ती बोलणार होती तुला.’ मी दिवसभर आठवत बसले, दूध उतू गेलं ते कळलं की काय. संध्याकाळी उलगडा झाला : रविवारी पाहुणे येणार आहेत, हे सासूबाई मला सांगणार होत्या. मुंबईकडे ‘बोलली’ म्हणजे ‘म्हणाली’. या एका क्रियापदाने महाराष्ट्रातल्या किती सुना रडल्या असतील कोण जाणे. ‘तुझी बहीण मला बोलली’ या वाक्यावरून माझ्यासमोर एका जोडप्याचं वीस मिनिटं भांडण झालं आहे आणि बहीण बिचारी फक्त गाडीची वेळ सांगत होती.

पहिल्यांदा सासरी मटण झालं तेव्हा मी मनापासून म्हटलं, ‘रस्सा गोड झालाय.’ आमच्याकडे गोड म्हणजे चविष्ट. सासूबाईंनी काही न बोलता पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि दोन चमचे तिखट घातलं. पुढच्या वेळी मीच स्वयंपाक केला. भाजी चाखून नणंदेला म्हटलं, ‘चटणी कमी पडली, दे जरा.’ तिने फ्रीजमधून ओल्या नारळाची चटणी काढून दिली. कोल्हापुरात चटणी म्हणजे मसाल्याचं लाल तिखट.

खाण्याच्या शब्दांत फार अडकू नका, ते लवकर सुटतात. वस्तू समोर असते, बोट दाखवता येतं. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तुम्हाला आयुष्यभर लक्षात राहील. तिच्याकडचा ‘चून’ म्हणजे पिठलं, ‘फल्ली’ म्हणजे शेंगदाणे, ‘जाम’ म्हणजे पेरू. ‘कोहळं’ म्हणाली तर लाल भोपळा आणायचा, पांढरा कोहळा नव्हे. हे आठ-पंधरा दिवसांत पाठ होतं आणि पुढे सांगायला गमतीचे किस्से मिळतात. तुमच्या मसाल्याच्या पाकिटाचाही एक दिवस होईल.

अवघड जातात ते दुसरे शब्द, जे माणसाला लागतात. एक जोडपं आठवतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). ती पुण्याची, तो सिंधुदुर्गातला. त्याची आई फोनवर मुलाला विचारायची, ‘तां काय करता?’ मालवणीत तरुण मुलीला, लहान सुनेला नपुंसकलिंगी बोलतात, ‘तां’ म्हणजे ‘ते’. त्यात माया असते, पोरीबद्दल बोलल्यासारखं असतं. हिने स्पीकरवर ऐकलं आणि तिच्या डोक्यात बसलं की सासूच्या लेखी मी वस्तू आहे. दीड वर्ष तिने ते मनात ठेवलं. दीड वर्ष! आणि नवऱ्याला ते ‘तां’ कधी ऐकूच आलं नव्हतं, त्याच्या कानाला ते श्वासाइतकं सवयीचं होतं. माझ्या खोलीत ती जेव्हा म्हणाली, ‘तुझी आई मला ते म्हणते,’ तेव्हा त्याने खरोखर विचारलं, ‘ते म्हणजे काय म्हणते?’ दोघंही पाच मिनिटं एकमेकांकडे बघत होते.

दुसरा एक सोलापूरचा, बायको पुण्याचीच. सासूला गाडीतून उतरवताना म्हणाला, ‘शिस्तीत उतरा.’ तिकडे शिस्तीत म्हणजे जपून, सावकाश. बायकोने तो आईचा अपमान म्हणून महिनाभर धरून ठेवला. नात्यांच्या नावांचंही तसंच. बीडकडच्या एका घरात आईला ‘बाई’ म्हणतात, ठाण्याच्या सुनेने सगळ्यांदेखत म्हटलं, ‘आज बाई आल्या नाहीत, भांडी तशीच पडलीत.’ पुण्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणतात, आणि ज्या घरात मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण तिथे ‘मावशीला जुनी साडी देऊन टाक’ हे वाक्य कसं ऐकू जात असेल, विचार करा. तुमची बायको तुमच्या आईला ‘नाही जी’, ‘काय जी’ म्हणत असेल, तर तो तिच्याकडचा आदर आहे. तुमच्या आईंच्या कानाला तो टोमणा वाटत असेल, तर ते तुम्हीच त्यांना सांगा. सुनेने सांगितलं तर ती सारवासारव वाटते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे : हे भाषेचं आहे की दुसरंच? बावीस वर्षांत मी एक साधी कसोटी वापरत आले आहे. शब्दाचा अर्थ दोघांनाही कळल्यावर भांडण मिटतं का? मिटलं, तर ते बोलीचं होतं. अर्थ कळूनही तेच भांडण पुन्हा उभं राहत असेल, तर शब्द नुसती खुंटी आहे, टांगलेलं दुसरंच काही आहे. ‘आई येऊन राहिली’चा अर्थ आता तुम्हाला कळला. तरी सासूबाई यायच्या म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडत असेल, तर ती आठी व्याकरणाची नाही. तुम्हाला न विचारता पाहुणे ठरतात ही तक्रार असू शकते, ती रास्तही असू शकते. पण मग ती सरळ त्या शब्दांत मांडा.

याच कसोटीची दुसरी बाजूही सांगते, कारण तीही मी पाहिली आहे. ‘आमच्याकडे असंच बोलतात’ ही ढाल फार जण वापरतात. आमच्या भागात शिवी दिल्याशिवाय मैत्री पक्की होत नाही, नागपूरकडे ‘बे’शिवाय मित्राला हाक जात नाही, कोकणात ‘मेल्या’ लाडाने म्हणतात. सगळं खरं. पण बायकोने एकदा सांगितलं की हा शब्द मला लागतो, की त्यानंतरही तो वापरला तर ती बोली राहत नाही. तिथून पुढे तो तुमचा निर्णय असतो. हे तिलाही लागू आहे, नुसतं तुम्हालाच नाही.

तुमच्या बाबतीत मला मात्र बोलीपेक्षा सुधारणं जास्त खुपतंय. ‘प्रेमानेच’ सुधारतो, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या मनात प्रेम असेलच, मला शंका नाही. पण माणूस जेव्हा काहीतरी सांगत असतो आणि समोरचा त्याचं ‘गेली’चं ‘गेले’ करतो, तेव्हा त्याला एवढंच कळतं की आपलं म्हणणं पोचलं नाही, फक्त चूक पोचली. शिवाय ‘मी गेली’ ही चूकही नाही. विदर्भात तसं बोलतात, मुंबईतही असंख्य बायका तसंच बोलतात. परीक्षेच्या पेपरात ‘गेले’ लिहावं लागेल. तुमचं स्वयंपाकघर परीक्षेचा हॉल नाही.

तिने हिंदी का धरली असेल? माझा अंदाज सांगते, तिला विचारून खात्री तुम्ही करायची. हिंदीत तुम्ही दोघं बरोबरीचे आहात. तुमच्या हिंदीत लिंगाच्या चुका होत असणार, पुणेकरांच्या होतातच, आणि ती त्या काढत नसणार. मराठीत ती कायम विद्यार्थिनी आणि तुम्ही मास्तर. हा राग तर आहेच, पण रागापेक्षा ती सोय जास्त आहे. हसण्याची, दुरुस्तीची भीती नसलेली जागा तिने शोधली. माणसं गप्प बसण्याआधी असं काहीतरी करतात, त्यामुळे ती अजून बोलते आहे हे चांगलं लक्षण माना.

म्हणून ‘मराठीत बोल’ असं तिला सांगू नका. तीही सुधारणाच झाली. तिने हिंदीत विचारलं तर तुम्ही सहज मराठीत उत्तर द्या, तुमच्या नेहमीच्या मराठीत. तिच्या बोलीची नक्कल करून नको. नवीन नवरे हा उद्योग हमखास करतात, ‘काय करून राहिली वो तू’ वगैरे. तुम्हाला तो लाड वाटतो, ऐकणाऱ्याला तमाशा वाटतो. नक्कल करायची परवानगी तिच्याकडून आपोआप मिळेल, ती स्वतः तुमच्या पुणेरी बोलण्याची नक्कल करायला लागेल त्या दिवशी.

दुरुस्ती पूर्ण बंद. महिनाभरासाठी म्हणत नाही, कायमची. आणि झालेल्या दुरुस्त्यांबद्दल एकदा माफी मागा, नेमकं प्रसंगाचं नाव घेऊन : ‘त्या दिवशी तू दवाखान्याचं सांगत होतीस आणि मी तुझं व्याकरण काढलं.’ मोघम ‘सॉरी, माझं चुकलं’ने हे काम होत नाही.

अर्थाचा घोळ वाटला की ‘तुला नक्की काय म्हणायचंय?’ हा प्रश्न टाळा. मराठीत त्या प्रश्नाचा सूर ठरलेला आहे, तो बाह्या सरसावूनच येतो. त्याऐवजी तुम्हाला जे समजलं ते बोलून दाखवा : ‘म्हणजे आई पोचल्या, की अजून निघायच्यात?’ तिला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि चूक कुणाची हा मुद्दाच निघत नाही. माझ्याकडच्या एका जोडप्याने यासाठी ‘तुमच्याकडे की आमच्याकडे?’ असा परवलीचा प्रश्न केला होता. कुठलाही शब्द खटकला की तेवढंच विचारायचं. तो नांदेडचा, ती रत्नागिरीची. त्याने जाम मागितला की पेरू आणायचा, तिने मागितला की पांढरे पाणीदार जाम, हे त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला आता त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं.

तारखा, पैसे, येणंजाणं यांचे निरोप मेसेजवर देताना दोघांनीही तारीख आकड्यात लिहा. ‘परवा’ तर आपल्या सगळ्यांच्याच मराठीत झालेला आणि होणारा, दोन्ही असतो, त्याला विदर्भ-पुणे असा भेद नाही.

आणि आईंचं. ‘सून हिंदाळलेलं बोलते’ हे त्या तुमच्याजवळ म्हणाल्या, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते पत्रात नाही. गप्प बसला असाल तर बायकोने ती संमती धरली असेल. पुढच्या वेळी शांतपणे एवढंच म्हणा, ‘ती वऱ्हाडी बोलते, आई. आपण पुणेरी बोलतो.’ भांडायची गरज नाही. साठीच्या घरातल्या बाईचा कान एका वाक्याने बदलणार नाही, पण मुलगा कुठे उभा आहे ते कळतं, आणि सुनेलाही कळतं. भिंती पातळ असतात.

सासूबाई येतील तेव्हा मायलेकी दोघी घरात अस्सल वऱ्हाडी बोलतील. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ हे सगळं कानावर पडेल. उठून आतल्या खोलीत जाऊ नका. तिथेच बसा, चहा प्या, कळलं नाही ते विचारा, हसू आलं तर त्यांच्याबरोबर हसा. तुमची बायको मराठीत मोकळी बोलते तेव्हा कशी दिसते, हे बऱ्याच दिवसांनी तुम्हाला पाहायला मिळेल.

भाजी आणायला पिशवी घेऊन निघालात की सांबार किती जुड्या आणायचा, ते आधी विचारून घ्या. सांबारवडी करायचा बेत असेल तर एका जुडीत भागत नाही.